बंदुकीला बॅटरी लावताना

डिसेंबरातली गोष्ट. इशाची नमाज पढून घरी आलो, चपला काढतोय तोच मामूंचा फोन. "बेटा, बंदूक को लगाने की ब्याटरी देख मेरे वास्ते. जल्दी नक्को, लेकिन अच्छी देख."

काय बोलावं सुचेना. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवलं, फळ्यावर सुवाच्य लिहायला शिकवलं. बंदूक अभ्यासक्रमात नव्हती. पण खानदानात एखादा पोरगा शिकलेला निघाला की आधार कार्डाच्या दुरुस्तीपासून हजच्या फॉर्मपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. चाळिशी ओलांडली तरी मामूंच्या लेखी मी तो पोरगाच. "हौ मामू, बघतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्या सोलापुरात बॅटरी म्हणजे टॉर्च. आत घालतात ते सेल. तेव्हा मामूंना बंदुकीच्या नळीवर बसणारा टॉर्च हवा होता.

मामूंनी सत्तरी गाठली आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. त्यांची शेती विजापूर रोडला, मंद्रूपच्या अलीकडे. गावापासून वस्ती दोन किलोमीटर आत. मुलं पुण्याला नोकरीला. वस्तीवर मामू, मुमानी, चार शेळ्या आणि एक कुत्रं. बंदूक नानांची, बारा बोअरची, दोननळी. बारा बोअर म्हणजे बारा गोळ्यांची नव्हे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. नळीचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटर. शेतीच्या राखणीसाठी म्हणून नानांना परवाना मिळाला होता. नाना गेल्यावर वारस म्हणून मामूंनी अर्ज केला, पोलिस चौकशी झाली, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या झाल्या, तेव्हा ती त्यांच्या नावावर चढली.

माझ्या आठवणीत त्या बंदुकीतून कधी काही मारलं गेलेलं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि रानडुक्कर मारायचं तरी वन खात्याची परवानगी लागते. बंदूक वर्षभर तेल खाते आणि निवडणूक आली की ठाण्यात जाते. 2024 मध्ये ती दोनदा गेली, लोकसभेला आणि विधानसभेला. दुसऱ्यांदा परत आणली त्याच आठवड्यात मामूंचा फोन आला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला भीती वाटायला लागली असणार. एकटी वस्ती, वर मोटारीच्या केबलच्या चोऱ्या, शेळ्यांच्या चोऱ्या. वाटणारच.

मग मी अभ्यासाला लागलो. अमेरिकेत घराच्या राखणीला शॉटगन ठेवायची आणि तिच्यावर दिवा बसवायचा ही सर्रास गोष्ट आहे. शुअरफायर, स्ट्रीमलाइट अशा कंपन्या खास तेवढ्यासाठी दिवे बनवतात. पंप अॅक्शन बंदूक असेल तर तिची पुढची मूठच काढून, दिवा आत बसवलेली दुसरी मूठ घालता येते. आपल्या नानांच्या जमान्यातल्या दोननळीला यातलं काहीच बसत नाही. तिच्यावर दिवा अडकवायची पट्टीच नसते. तिला चिमट्यासारखा क्लॅम्प लागतो, दोन नळ्यांना धरून बसणारा. नळीला भोक पाडणं, वेल्डिंग करणं हा विचारही करायचा नाही. बंदुकीचं काम परवाना असलेल्या दुकानातच करून घ्यायचं असतं. गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ते नेणं हा गुन्हा आहे.

पुढचा गोंधळ लुमेनचा. ऑनलाइन बाजारात जो तो लुमेन ओरडतो. हजार लुमेन, पाच हजार लुमेन, एकाने तर लाखावर आकडा छापलेला. मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना स्टाफरूममध्ये विचारलं. त्यांनी सोलापूरकराला कळेल असंच सांगितलं. "सर, आपल्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येतं ना? नळातून मिनिटाला एकूण किती पाणी आलं, ते लुमेन. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर धार किती जोरात लांब जाते, ते कॅन्डेला. तुम्हाला लांबचं बघायचं असेल तर धार बघा." मग त्यांनी वहीत हिशेबही मांडला. कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागायचं. दहा हजार कॅन्डेलाचा दिवा वीस मीटरवर पंचवीस लक्स उजेड टाकतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली साधारण तेवढाच असतो. माणूस ओळखायला तो पुरतो. पौर्णिमेच्या चांदण्याला मात्र अर्धा लक्सही भरत नाही.

नुसती धारही चालत नाही. धार बारीक असेल तर ताटलीएवढा गोल झगझगीत दिसतो आणि त्याच्या बाहेर काळोख. माणसाचा चेहरा दिसेल, हातात काय आहे ते दिसणार नाही. म्हणून मधे जोर आणि भोवती पसरट उजेड, असा दिवा हवा. फार तेजही नको. मामूंच्या घराला चुना आणि गोठ्याला पत्रा. जास्त तेजाचा दिवा त्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. अंधाराला सरावलेली नजर एका झगमगाटाने जाते आणि पुरती परत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना त्याचा त्रास आणखी.

बटण एकच हवं. स्वस्त टॉर्चना पाच-पाच प्रकार असतात: मोठा, मध्यम, बारीक, लुकलुक, धोक्याचा इशारा. ऐन वेळी घाबरलेला अंगठा नेमका लुकलुकीवर पडतो. आणि ते बटण डाव्या हाताखाली, पुढच्या लाकडी मुठीपाशी हवं. उजवा हात चापाचा. भीतीने माणूस मूठ आवळतो. दिव्यासाठी आवळलेलं बोट चापाच्या आसपास असलं, तर दिव्याऐवजी भलतंच काही पेटेल.

आणि तिसरी गोष्ट झटका. बारा बोअर उडाली की खांद्याला जो धक्का बसतो, तोच दिव्यालाही बसतो. आतल्या स्प्रिंगवरचे सेल क्षणभर सुटतात, दिवा विझतो. जिम कॉर्बेटने 1926 मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो रायफलला बॅटरी बांधून. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की बटण दाबलं, बिबट्या दिसला, चाप ओढला आणि त्याच क्षणी बॅटरी विझली. बिबट्या मेला की जखमी झाला, हे बघायला उजेड नाही. इतका मोठा शिकारी, पण पुढची रात्र त्याने झाडावर बसून काढली.

हे सगळं वहीत उतरवून, दोन टॉर्च पिशवीत घालून एका रविवारी मी वस्तीवर गेलो.

मामूंनी आधी त्यांचा जुना प्रयोग दाखवला. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तिघांचा जीव घेतला होता आणि शेवटी वांगीच्या शिवारात त्याला गोळी घालावी लागली होती. करमाळा आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण त्या महिन्यात अख्ख्या जिल्ह्याची झोप उडाली होती. तेव्हा मामूंनी तीन सेलची पितळी बॅटरी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी नळीखाली आवळून बांधली होती. बंदूक वर केली की बॅटरी खाली झुकायची आणि स्वतःच्या पायावर उजेड पाडायची. मी हसलो. मामू हसले नाहीत.

मी वही काढून लुमेन, कॅन्डेला, झटका सगळं समजावलं. मामूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं सगळं ठीक आहे बेटा, पण वीस पावलांवरच्या माणसाचं तोंड दिसेल का?" मामू दखनीत बोलतात, पुढचं मी मराठीतच लिहितो.

"दिसेल की. नेम चुकायचा नाही."

"नेम नाही विचारला मी. तोंड दिसेल का?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते मुमानीखेरीज आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

2024 चा पावसाळा आठवून बघा. रात्री गावांवर ड्रोन फिरतात, चोर ड्रोनने घरं हेरतात, अशी आवई उठली होती. बीड, नगर, पुणे करत ती आमच्याकडेही आली. गावोगाव तरुण पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्त घालत होती. त्याच दिवसांत मामूंच्या वस्तीवरून रात्री दहाला मोटारसायकलवर परत येताना मलाही एका गावाच्या फाट्यावर अडवलं होतं. चार बॅटऱ्या एकदम डोळ्यांवर. ज्याच्या डोळ्यांवर उजेड असतो, त्याला काही दिसत नाही. पलीकडे किती माणसं आहेत, त्यांच्या हातात काय आहे, ती माझ्या ओळखीची आहेत का, काही नाही. "नाव काय?" मी आधी शाळेचं नाव सांगितलं, मग विषय सांगितले, मग नाव. हा क्रम मी ठरवला नव्हता, तो आपोआप आला. माझी दाढी त्यांना दिसतच होती. दोन-तीन सेकंद कुणीच बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, मास्तर हायत," आणि बॅटऱ्या खाली झाल्या. कुणी वाईट वागलं नाही. पण त्या दोन-तीन सेकंदांचं वजन मला अजून आठवतं.

मामूंची रात्र त्याच हंगामातली. दोन वाजले असतील. पाऊस भुरभुरत होता. कुत्रं भुंकायला लागलं ते थांबेना. शेळ्यांच्या बाजूला कुणीतरी चालल्याचा आवाज. मामू उठले, बंदूक घेतली, अंधारात चाचपून दोन्ही नळ्यांत काडतुसं घातली. बॅटरी काखेत धरली, कारण दोननळीला दोन्ही हात लागतात. दार उघडून ओरडले, "कोण आहे?" उत्तर नाही. पुन्हा ओरडले. उत्तर नाही. गोठ्याच्या कोपऱ्याशी काहीतरी पांढरं हललं. डोकं नाही, खांदे नाहीत, नुसतं टोकदार पांढरं. ते मामूंच्याच दिशेने यायला लागलं. मामूंनी बंदूक खांद्याला लावली. हात वर गेल्यावर काख सुटली आणि बॅटरी खाली पडली.

"चापावर बोट होतं बेटा. नुसतं होतं असं नाही. दाबायला सुरुवात झाली होती."

बॅटरी चिखलात गडगडत गेली आणि आडवी पडून त्या पांढऱ्याच्या पायांवर तिचा उजेड पडला. चिखलाने भरलेले पाय, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. मग ते पाय थांबले, एक हात खाली आला, त्याने बॅटरी उचलली आणि उजेड स्वतःच्याच तोंडावर मारला.

"मामू, मी हाय, मी!"

शेजारच्या वस्तीवरचा पोरगा. बारावीत शिकणारा. आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. रात्री थ्री फेज आली की मोटार चालू करायला कुणीतरी उठायचं, पाणी धरायचं. त्या रात्री बापाऐवजी पोरगा निघाला होता. विहिरीकडे जायला मामूंच्या अंगणातून जवळची वाट. पावसाची म्हणून डोक्यावर युरियाच्या गोणीची खोळ. झोप येऊ नये म्हणून कानात मोबाइलची गाणी. त्याला ना कुत्रं ऐकू आलं, ना मामू.

बंदूक त्याने पाहिली तेव्हा तो जागच्या जागी खाली बसला. मामूही बसले. दोघं पावसात तसेच बसून राहिले. मुमानीने बाहेर येऊन आधी बंदूक मोडून काडतुसं काढली, मग दोघांना आत नेलं.

सकाळी मामू त्यांच्या घरी गेले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोराचा बाप म्हणाला, "रात्रीचं होतं असं, तुमी तरी काय करनार." आई काही बोलली नाही. तिने चहा ठेवला.

मामूंचं सांगून झालं. मला वस्तीवरची शांतता सहन होईना. मी काहीतरी बोलायचं म्हणून कायद्याचं बोललो. स्वसंरक्षणाचा हक्क आधी भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 कलमांत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत आला. रात्री घरफोडी करणाऱ्याविरुद्ध तो फार पुढेपर्यंत जातो. पण त्याच कलमांत अट आहे की बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही.

मामूंनी हात वर करून मला थांबवलं. "कोर्टाचं नंतर. सकाळी काय झालं असतं, ते सांग."

मी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सकाळपर्यंत तो पोरगा, पाऊस, गोणी, रात्रीची वीज, कानातली गाणी, चाळीस वर्षांचा शेजार, हे सगळं गळून पडलं असतं. मोबाइलवर दोनच गोष्टी फिरल्या असत्या: मारणाऱ्याचं नाव आणि मरणाऱ्याचं नाव. पुढचं या ब्लॉगच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आणि नावं उलटी असती तरी तेच झालं असतं, फक्त दिशा बदलली असती.

चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी दरवर्षी सातवीला शिकवतो. मुलं अर्थ लिहितात, वाक्यात उपयोग करतात, दोन मार्क मिळवतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात ती म्हण शब्दशः खरी झाली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारली. त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. ते तर भरदिवसा झालं. ऊन होतं, तोंडं दिसत होती, ती माणसं आपलं गाव सांगत होती. तेव्हा लुमेनचं मला एवढंच कळलं की दिवा तोंड दाखवतो. ते ओळखायला थांबायचं की नाही, हे दिवा ठरवत नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी तिची खातरजमा करा, नाहीतर नकळत कुणावर तरी अन्याय कराल आणि मग पस्तावाल, अशा अर्थाची ताकीद आहे. मी ती नेहमी व्हॉट्सअॅपच्या संदर्भात मुलांना सांगत आलो. अंगणातल्या पांढऱ्या आकृतीलाही ती लागू होते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता प्रश्न उरला बॅटरीचा. बंदुकीवर दिवा असावा का? मामूंचा अनुभव सांगतो, असावा. दोननळी हातात असताना टॉर्च धरायला तिसरा हात नसतो. काखेतली बॅटरी पडणारच. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दिवा बंदुकीवर असला की जिकडे बघायचं तिकडे नळी वळते. मांजर आलं का बघायला बंदूक, शेळी सुटली का बघायला बंदूक, दारात उभ्या माणसाचं तोंड बघायलाही बंदूक. बंदुकीचा पहिला धडा असा, की जे मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नानांनी मामूंना तो शिकवला होता, मामूंनी मला. बंदुकीवरच्या दिव्याने तो धडा रोज मोडतो. सिनेमात दाखवतात तसं छर्रे सगळीकडे उडतात, नेम धरावा लागत नाही, हेही खरं नाही. दहा मीटरवर ते फारसे पसरत नाहीत. तेवढ्या अंतरावर एखाद्याच्या छातीवर रोखलेली दोननळी सहसा चुकत नाही. आपण माणूस ओळखायला चुकलो, तरीही ती चुकत नाही.

शेवटी आम्ही तीन दिवे घेतले आणि त्यांचा क्रम ठरवला.

पहिला अंगणाचा. गोठ्यावर आणि फाटकावर सौर पॅनलचे, हालचाल झाली की आपोआप लागणारे एलईडी. वीज असो नसो, ते लागतात. त्यांनी येणाऱ्यालाही कळतं की आपण दिसतोय. चोर असेल तर बहुतेक वेळा तिथूनच वळतो. शेजारी असेल तर हाक मारतो. बंदूक ठाण्यात होती त्या दोन्ही वेळा मामूंची वस्ती कुत्रं, कडी आणि देवावरच होती. तेव्हा हे दिवे असते तर बरं झालं असतं, असं मुमानी म्हणाली.

दुसरा हातातला. एका बटणाचा, चारेकशे लुमेनचा, दाराशेजारी खुंटीला टांगलेला. सेल गावातल्या दुकानात मिळतात तेच. परदेशी दिव्यांना लागणारे सेल सोलापुरातही शोधावे लागतात, मंद्रूपला कुठून मिळणार? साधे सेल महिनोन्‌महिने आत ठेवले की फुटून गंजतात, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला ते काढून बघायचे.

तिसरा बंदुकीचा. लहान, वजनाला हलका, क्लॅम्पचा, बटण डाव्या हाताखाली. शहरातल्या परवानाधारक दुकानदाराकडून बसवून घेतला. त्यानेही तेच बजावलं: "काका, हा बघायचा दिवा नाही. बघून झाल्यावरचा आहे." सगळं मिळून सहा हजारांच्या आत झालं. निम्म्याहून जास्त पैसे अंगणाच्या दिव्यांना गेले, आणि ते तसेच जायला हवे होते.

क्रमात आणखी दोन गोष्टी मुमानीने घातल्या. रात्री काही वाजलं तर आधी दार उघडायचं नाही. खिडकीतून उजेड टाकायचा, हाक मारायची, शेजारी आणि 112 ला फोन करायचा. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी वाजतात. आणि काडतुसं आता मामूंच्या उशाशी नसतात. ती लोखंडी कपाटात, किल्ली मुमानीच्या कमरेला. बंदूक हवी असेल तर मामूंनी तिला उठवायचं. ती किल्ली देण्याआधी एकच प्रश्न विचारणार: "कौन है, दिसा क्या?" दिसलं नसेल तर किल्ली नाही.

मी हसत म्हटलं, "मुमानी, परवाना मामूंच्या नावावर आहे." ती म्हणाली, "परवाना उनके नाम का. पोट्टा पड़ोस का."

जानेवारीत मामूंनी हुरड्याला बोलावलं. हुरडा मामूंचा नव्हता, शेजारच्या वस्तीवरचा होता. मालदांडीची कोवळी कणसं, शेणीच्या निखाऱ्यावर भाजलेली, सोबत शेंगाची चटणी. पोराची आई कणसं चोळून आमच्या हातावर हुरडा देत होती, पहिली मूठ मामूंना. त्या रात्रीबद्दल कुणी काही बोललं नाही. बारावीची परीक्षा जवळ आली होती, पोरगा मराठीच्या पेपरबद्दल मला विचारत होता.

रात्री आम्ही अंगणात बसलो असताना तो विहिरीकडे निघाला. फाटकाचा दिवा लागला. त्याने लांबूनच हाक दिली, "मामू, मी हाय," आणि हातातली बॅटरी उलटी करून स्वतःच्या तोंडावर धरली. मामूंनी खाटेवरूनच हात वर केला. आता तो रोज असंच करतो म्हणे.